दोन दारांचं घर

५ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझ्या कामातलं एक विचारायचं आहे, म्हणून लिहिते आहे. नाहीतर तुझ्या वाढदिवसाला माझं पत्र आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी तुझं चार ओळींचं कार्ड, हे आपलं ठरलेलं आहे. ते मोडायचा माझा विचार नाही.

आपल्या घरात परवापासून एक गिनीपिग आहे. दचकू नकोस, मी स्वतःच अजून दचकते आहे. शाळेत छोट्यांच्या वर्गात दोन होते. त्यातला एक महिन्यापूर्वी मेला, वर्गाच्या बाई दुसऱ्या शाळेत गेल्या आणि नव्या बाईंना केसांची ॲलर्जी. मुख्याध्यापकांनी कचेरीत येऊन विचारलं, कुणी नेईल का. सगळ्यांना एकदम कामं आठवली. मी हजेरीपट तपासत होते. नको म्हणायला तोंड उघडलं आणि "बघते" म्हणून बसले. मी "बघते" म्हटलं की ते "हो"च असतं हे त्यांना ठाऊक आहे. माझी मान वर व्हायच्या आत पिंजरा माझ्या टेबलावर होता.

तपकिरी आहे. पोटावर पांढरा पट्टा, एका कानाला टवका. लांबून पाहिलं तर केसाळ बटाटा. पण पाहायला मिळेल तर ना! दोन दिवस पुठ्ठ्याच्या खोक्यात जाऊन बसला आहे. मी जवळ गेले की थिजतो, मिशीसुद्धा हलत नाही. सकाळी ढोबळ्या मिरचीचा तुकडा संपलेला असतो, तेवढ्यावरून जिवंत आहे म्हणायचं. काल मी खोकं उचललं, त्याला बाहेर काढलं आणि मांडीवर घेऊन कुरवाळलं. म्हटलं, माया केली की भीती जाईल. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की मीच घाबरले आणि त्याला परत ठेवलं. माझं काय चुकतं आहे?

तू प्राण्यांची डॉक्टर. तुझ्या दृष्टीने हे अगदी बाळबोध असेल. तरी लिही.

बाबांबद्दल काही लिहू नका असं तू सांगितलं आहेस, म्हणून लिहीत नाही. बरे आहेत, एवढंच.

घरून.

१६ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझं उत्तर सहा दिवसांत आलं. मायना नाही, खुशाली नाही, एकदम "हात वरून नेऊ नका" अशीच सुरुवात. मला हसू आलं. लहानपणीही तू अशीच मधूनच बोलायला लागायचीस, जणू आधीचं सगळं समोरच्याला ठाऊकच आहे.

तू लिहिलेलं मी मोठ्या अक्षरात उतरवून फ्रिजवर लावलं आहे. वरून येतं ते त्याला घार वाटतं. खाली बसून, समोरून हात न्यायचा. पहिले दहा दिवस उचलायचं नाही. पिंजरा माणसांच्या वावरात हवा, पण भिंतीला लागून. रोज ठरल्या वेळी शेजारी बसायचं आणि काहीही बोलायचं. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं: "त्याला लपू द्या. लपायला जागा आहे याची खात्री पटल्याशिवाय कुठलंच जनावर बाहेर येत नाही."

"काहीही बोला" हे सगळ्यांत अवघड गेलं. मुक्या जनावराशी काय बोलणार? शेवटी शाळेतून यादी घरी आणली आणि त्याला सामानाची मोजदाद वाचून दाखवली. बाकं चाळीस, त्यातली मोडकी सहा. काळे फळे तीन. पाचव्या दिवशी खोक्याच्या तोंडाशी नाक आलं. यादी संपली, तशी मी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

आता इथे बाबा आल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही, माफ कर. सुतारकामाचं दुकान त्यांनी गेल्या वर्षी बंद केलं. हाताला थोडा कंप आहे. दिवसभर खिडकीशी बसून असतात आणि त्यांच्या खुर्चीशेजारीच पिंजरा आहे, कारण भिंत तेवढीच मोकळी आहे. त्याचं नाव त्यांनीच ठेवलं. म्हणाले, दिवसभर दार लावून आत, खायच्या वेळेला तेवढा उगवतो, वर आपण त्याच्या झोपेला जपायचं. हा भाडेकरूच आहे. तेव्हापासून तो भाडेकरू.

तर भाडेकरूने खोक्याची एक बाजू कुरतडून खाल्ली. काल बाबांनी कपाटातून मोजपट्टी काढली. वर्षभर हात लावला नव्हता तिला. खोक्याची मापं घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "विचार तिला, दार किती रुंद हवं." मी म्हटलं, तुम्हीच विचारा की. त्यांनी मोजपट्टी गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. म्हणाले, "तूच विचार."

म्हणून मी विचारते आहे. दार किती रुंद हवं?

घरून.

४ मार्च

चि. मुलीस,

तुझं पत्र बाबांनी माझ्या हातातून घेतलं. चष्मा लावून, उभ्यानेच वाचलं. मी थांबवलं नाही. त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर होतं त्यात: दार एक असू नये, दोन हवीत, समोरासमोर. एकच दार असलं की आत बसलेल्याला कोंडल्यासारखं वाटतं, आणि कोंडलेला जीव चावतो तरी नाहीतर झुरतो तरी. पाच बोटं आडवी जातील एवढी रुंदी. खिळा नको, रंग नको, पॉलिश नको, कारण तो ते खाणार.

वाचून झाल्यावर त्यांनी पत्र उलटून पाठची बाजू पाहिली. पाठीमागे काही नव्हतं. घडी घालून परत दिलं आणि कामाला लागले.

चार दिवस चाललं होतं. लाकडाला लाकूड असं बसवलं आहे की फटीत कागद जाणार नाही. कडा घासताना हात कापायचा, मग थांबायचे, दुसऱ्या हाताने मनगट धरायचे आणि पुन्हा घासायचे. "मी धरू का?" असं एकदा विचारलं. नको म्हणाले. पूर्वी खिडक्यांच्या चौकटी करायचे, तेव्हाही मधे कुणी बोललेलं चालायचं नाही, तसा चेहरा.

आणि भाडेकरू त्यात गेला. अर्धा तास बाहेरून हुंगत राहिला, मग एका दाराने आत आणि लगेच दुसऱ्याने बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. बाबा म्हणाले, "घर तपासतोय." परवापासून फ्रिजचं दार उघडलं की शिट्टी मारतो. एवढ्याशा जिवात केवढी शिट्टी! वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या की तुमचा कुकर बिघडलाय का. आज त्याने माझ्या हातून काकडीची साल घेतली. ओढली आणि पळाला, पण घेतली.

तुझ्या दवाखान्यातल्या त्या सशाचं वाचून खूप वेळ तेच मनात होतं. तीन आठवडे कोपऱ्याकडे तोंड करून बसलेला आणि मग एक दिवस तुझ्या बुटावर डोकं ठेवून झोपला, ते. तू तुझ्याबद्दल काही लिहिलंस असं कितीतरी वर्षांनी झालं.

पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलं आहेस, त्यावर काय लिहावं ते मला सुचत नाही. "तुम्ही त्याला वेळ देता आहात हे वाचून बरं वाटलं. तुम्ही मलाही असाच वेळ दिला होतात."

पुढच्या पत्रात लिहीन.

घरून.

१९ मार्च

चि. मुलीस,

आधी भाडेकरूचं सांगते, कारण तो आता बरा आहे.

मागच्या रविवारी मी पिंजरा साफ केला. थोडं जुनं गवत ठेवत जा, सगळं एकदम धुऊ नका, हे तूच सांगितलं होतंस. फ्रिजवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पण जित्याची खोड! घर उचललं, साबणाने घासून उन्हात टाकलं. गवत, कापड, सगळं फेकून नवं घातलं. वाटलं, किती छान झालं. परत ठेवलं तर तो आत जाईना. कोपऱ्यात तोंड खुपसून बसला. संध्याकाळी खाल्लं नाही, सोमवारी सकाळीही नाही. शिट्टी बंद. मी शाळेत न जाता त्याला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, या प्राण्यांचं पोट दिवसभर रिकामं राहिलं तर जिवावर बेततं. दर दोन तासांनी पिचकारीने खिमट भरवायला सांगितलं. बाबा त्याला टॉवेलात धरायचे, मी भरवायची. बुधवारी दुपारी त्याने आपण होऊन गवताची एक काडी ओढली. बाबांनी मला हाक मारली नाही, नुसता हात वर केला.

ते तीन दिवस तुझं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

जिन्याखालचं कपाट मी रिकामं केलं होतं. बाबांनी नाही.

मी या घरात आले त्याला तीन महिने झाले होते. तू नऊ वर्षांची. शाळेतून आलीस की बॅटरी घेऊन त्या कपाटात शिरायचीस, तुझ्या आईच्या कपड्यांखाली बसायचीस आणि जेवायला हाक मारली तरी यायची नाहीस. मला वाटलं, हे काही बरं नाही. मला वाटलं, जागाच उरली नाही तर पोरगी माणसांत येईल. खरं सांगायचं तर मला असंही वाटलं, की त्या कपड्यांचा वास घरात आहे तोवर माझं इथे काही नाही. बाबा दुसऱ्या गावी चौकटी बसवायला गेले होते. जुने कपडे गोळा करणारी गाडी आली, मी सगळे देऊन टाकले. निळा कोटसुद्धा. मग आतून चुना मारला आणि फळ्या ठोकून घेतल्या.

तू आलीस, दार उघडलंस, आणि विचारलंस, "कुणी केलं?" ओरडली नाहीस. मी हाताला लागलेला चुना पुसत राहिले. तेवढ्यात बाबा हत्यारांची पिशवी घेऊन दारात आले. त्यांनी कपाट पाहिलं, मला पाहिलं. म्हणाले, "मी. मीच सांगितलं होतं काढायला."

पुढचं तुला माहीत आहे. पण त्याची दुसरी बाजू माहीत नाही. त्या आठवड्यात तू पहिल्यांदा फणी घेऊन माझ्याकडे आलीस. बापाशी बोलणं सोडलंस, म्हणून माझ्याशी बोलायला लागलीस. मला लेक मिळाली ती अशी. मग मी मिठाची गुळणी धरली. आधी भीतीने, नंतर सवयीने. तू अठराव्या वर्षी निघून गेलीस, तेव्हा बस सुटेपर्यंत सांगायचं होतं. तू खिडकीतून मला हात केलास, त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. मीही हात केला.

मी तुला वेळ दिला नव्हता. मी तुझं घर उचलून धुऊन टाकलं होतं.

हे पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. दाखवलं तर पाठवू देणार नाहीत. आता शाळेत जाता जाता पेटीत टाकते.

घरून.

११ एप्रिल

चि. मुलीस,

तुझं पत्र नाही. अपेक्षा ठेवून लिहीत नाहीये.

भाडेकरूचं वजन वाढलं आहे. काल जागच्या जागी चारही पायांवर उडाला, दोनदा, हवेतच वळला. मी घाबरून डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, काही नाही, आनंद झाला आहे त्याला.

बाबा रोज विचारतात, पत्र आलं का. मी म्हणते, तिला काम असेल. ते म्हणतात, असेल.

घरून.

१७ एप्रिल

चि. मुलीस,

काल तू फोन केलास तेव्हा तुझ्या बाजूला काय झालं ते तुला ठाऊक आहे. या बाजूचं मी सांगते, कारण ते तुला दिसलं नाही आणि दिसायला हवं होतं.

दुपारचे साडेचार. भाडेकरू माझ्या मांडीवर टॉवेलात होता. तो मांडीवर असताना एकदम उठायचं नाही, हा आमच्या घरात आता कायदा आहे. फोन स्वयंपाकघरात, फळीवर. बाबा कधी फोन घेत नाहीत, तुला माहीत आहे. मी म्हटलं, अहो, घ्या ना. ते फोनकडे असे बघत राहिले, जसं काही तापलेलं भांडं उचलायला सांगितलं आहे. आठ-नऊ वेळा वाजला. मग गेले.

"हॅलो" म्हणाले. त्यांनी दुसरा हात भिंतीला टेकवला. तेवढ्यावरून मला कळलं की तू आहेस.

चार वेळा "हो" म्हणाले. मग वळून माझ्याकडे बघितलं. मी तुला लिहिलं आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. मी खाली मान घातली. तू काय विचारलंस ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचं उत्तर शब्दन् शब्द आलं. फोनवर कदाचित नीट पोचलं नसेल, त्यांचा आवाज फार खाली गेला होता, म्हणून इथे लिहून ठेवते.

"तू नऊ वर्षांची होतीस," ते म्हणाले. "आणि तिला घरात येऊन तीन महिने झाले होते. रागवायला हक्काचं माणूस लागतं. तिच्यावर रागावली असतीस तर ती कायमची परकी झाली असती. माझ्यावर कितीही रागावलीस तरी मी बापच राहणार होतो." मग म्हणाले, "इतकी वर्षं लागतील असं वाटलं नव्हतं."

मग तुझ्या दवाखान्यातलं कुत्रं भुंकत होतं, ते मला इथवर ऐकू येत होतं. त्यांनी फोन ठेवला नाही. शेवटी तू काहीतरी बोललीस आणि ते एवढंच म्हणाले, "नाही, रडत नाहीये. तू?"

माझे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी फोन आणून माझ्या कानाशी धरला. तू मला म्हणालीस, "मी तुमच्यावर रागावले आहे. खूप. आणि हे फोनवर जमणार नाही. शेवटच्या रविवारी रजा आहे, तेव्हा येते." मी "ये" म्हटलं. पण आवाज फुटला की नाही, मलाच कळलं नाही. म्हणून लिहिते: ये.

फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, कधी लिहिलंस. मी म्हटलं, मार्चमध्ये. मला का नाही सांगितलंस, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही नको म्हणाला असतात. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणालो असतो." बस. एकवीस वर्षांच्या गोष्टीवर आमचं बोलणं झालं ते एवढंच. मग मी खाली पाहिलं, तर भाडेकरू मागचे पाय ताणून, हनुवटी माझ्या मनगटावर टाकून आडवा पडला होता. एवढं सगळं त्याच्या डोक्यावर चाललेलं, आणि हा झोपलेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मी आणखी अर्धा तास हलले नाही.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला. बाबा दाढी करत होते. त्यांचा हात कापतो, म्हणून एरवी आठवड्यातून एकदा न्हावी घरी येतो. हनुवटीला दोन ठिकाणी कापलेलं, गालावर साबण तसाच. मी म्हटलं, अहो, तिला यायला अजून दहा दिवस आहेत. आरशातूनच म्हणाले, "सराव करतोय."

तेव्हा ये. आम्ही दोघं घरीच आहोत. आल्या आल्या रागावलीस तरी चालेल, जेवून रागावलीस तरी चालेल. आणि एका दिवसात नाही संपलं, तर मुक्काम कर.

घरून.